वीणा घेण्याआधी

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या गावाला तणसाचा वास येतो. धान कापून, चुरून घरात आलेलं असतं, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात, आणि जो तो आपल्या खळ्यावरचं थोडं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पूर्वी बैलगाडीत नि आता ट्रॅक्टरवर टाकून, विठोबाच्या देवळापुढे आणून देतो. मांडवात ते हातभर जाडीनं पसरतात, वरून ताडपत्र्या अंथरतात आणि त्यावर सात दिवस गाव बसतं. थंडीच्या दिवसांत त्या बैठकीची ऊब कुठल्या गादीला नाही. दुपारचं ऊन ताडपत्रीवर आलं की खालून तो वास हळूहळू वर येतो. थोडा गोडसर, थोडा धुळीचा, नाकात गेला की शिंक आणणारा. मी मास्तरकीतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, गुडघे बोलायला लागले आहेत, म्हणून मांडवात खांबाला टेकून बसण्याचा मान मला मिळाला आहे. यंदाही तसाच टेकून बसलो होतो आणि समोर वीणा चालू होती.

ज्यांना नामसप्ताह ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीवर टेकवायची नाही आणि तिची तार मुकी होऊ द्यायची नाही. एकानं दोन तास उभं राहून ती वाजवायची, मग दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. याला पहारा म्हणतात. ज्याच्या गळ्यात वीणा, तो तेवढा वेळ देवाच्या जागी. वय, जात, नातं काही न पाहता येणारा-जाणारा त्याच्या पाया पडतो, आणि वीणा घेणाराही आधी पाया पडतो नि मग घेतो. एवढं सगळ्याच गावांत असतं. आमच्या गावात आणखी एक चाल आहे. पाया पडण्याआधी वीणेकरी विचारतो, "हात?" आणि घेणारा दोन्ही तळवे उघडे करून त्याच्यापुढे धरतो. बाहेरचे लोक याला स्वच्छतेचा प्रकार समजतात. करोनानंतरच्या वर्षी केशोरीकडून आलेल्या एका पाहुण्यानं तर घाईघाईनं खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली होती, आणि आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या होत्या.

तर यंदा त्या दुपारी वीणा माझ्या सुनेच्या गळ्यात होती. ती गोंदिया शहरात वाढलेली. तिचं अर्धं बोलणं हिंदी, अर्धं मराठी, आणि विठोबाशी ती नेमकी कुठल्या भाषेत बोलते हे तिचं तिला माहीत. दोन वाजले. पुढचा पहारा माझ्या मुलाचा होता. तो अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. सुनेनं तार छेडता छेडताच म्हटलं, "हाथ दिखाओ जी."

मुलानं हात पुढे केले नाहीत. दोन्ही हात अंगाशी धरून तो ताडपत्रीकडे बघत उभा राहिला. झांजांवर ताल धरणाऱ्या बायांचे हात मंदावले. हात न दाखवण्याचा अर्थ आमच्या गावात लहान पोरालाही कळतो, आणि तो जितका मला कळतो तितका कुणालाच नाही. मनात एकच आलं, की माझ्या बापाचा हात माझ्यात आला होता, तो आता याच्यात आला. तीस वर्षं ज्याची धास्ती बाळगली ते हेच. तो का थांबला ते सांगतो, पण त्याआधी ही चाल कुठून आली ते सांगायला हवं. ती कुणा साधुसंतानं घालून दिलेली नाही. ती माझ्यामुळे पडली, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

माझे वडील आईला मारायचे. हे वाक्य मी आज सरळ लिहितो आहे, पण ते लिहिण्याइतका कोडगेपणा अंगी यायला पन्नाशी उलटावी लागली. भात गार झाला म्हणून, बैल उशिरा सुटला म्हणून, कधी नुसतंच. मी धानाच्या ढोलीमागे बसून राहायचो. ती बांबूची, शेणानं सारवलेली ढोली माझ्यापेक्षा उंच होती आणि तिच्यामागे उंदरांचा वास यायचा. तिथं बसून मी ठरवलं होतं की मोठा झालो की असं करणार नाही. पुढे मास्तर झालो, आणि पहिल्या पगाराच्या वर्षीच गळ्यात तुळशीची माळ घातली. लोक म्हणाले, पोरगा देवाला लागला. खरं तर मी बापापासून दूर पळत होतो आणि वाटेत देव लागला.

आमचा मुलूख तळ्यांचा आणि बोड्यांचा, म्हणजे शेतांतल्या लहान तळ्यांचा. इथं माणूस धानाइतकाच मासोळीवर जगतो, आणि माळ घातली की मासोळी सोडावी लागते. मी ती एका दिवसात सोडली. पाणी गाळून पिऊ लागलो, सरपण झटकून चुलीत घालावं म्हणून घरात कटकट करू लागलो, अंगणातली मुंग्यांची रांग ओलांडताना धोतर उचलू लागलो. वाचन होतं, जीभ चालती होती, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत सप्ताहातलं सकाळचं प्रवचन माझ्याकडे आलं. म्हातारीकोतारी माणसं माझ्या पाया पडू लागली. पाया पडून घेण्याची सवय फार लवकर लागते, हे मी स्वतःवरून सांगतो. वरून "नको नको" म्हणायचं आणि पाय मात्र मागे घ्यायचे नाहीत. माझं पाया पडणंही तसंच झालं होतं. पुरुष वीणेकरी असला तर पावलांना हात लावायचो, बाई असली तर वीतभर अलीकडे जमिनीला. आमच्यातले सगळेच पुरुष तसं करायचे, आणि बायांच्या ते ध्यानात येत नाही असं आम्हाला वाटायचं.

आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. हिचं माहेर सडक अर्जुनीकडचं, कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागून. ही तोंडानं फटकळ, हातानं झपाझप, आणि हसायला कारण न लागणारी. त्या वर्षी चुरणं, म्हणजे मळणी, लांबलं होतं. पुरुष दिवसभर खळ्यावर अडकलेले, म्हणून दिवसाचे पहारे बायांना द्यायचं ठरलं. कुणाचा पहारा कधी, ती यादी मीच देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहिली. बारा ते दोन हिचं नाव, दोन ते चार माझं; मी काही खळ्यावर नव्हतो. त्यात माझी सोय होती. ही दोनला मोकळी झाली की घरी जाऊन चुलीला लागेल, आणि माझा पहारा संपेपर्यंत पाहुण्यांचं पुढचं जेवण तयार होईल. भिंतीवर आपण काय लिहून ठेवतो आहोत याची मला कल्पना नव्हती.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी सकाळी मी नम्रतेवर बोललो. तासभर बोललो आणि चांगलंच बोललो. त्यानंतर बाहेरगावचे एक कीर्तनकार आणि चार-पाच माळकरी आमच्या घरी फराळाला आले. ही पहाटे चारपासून खळ्यावरच्या माणसांच्या आणि पाहुण्यांच्या रांधपात होती. ओसरीवर बसून माझ्या प्रवचनाची तारीफ चालली होती आणि मी ती "नको नको" म्हणत ऐकत होतो. मला तहान लागली. तांब्या माझ्यापासून दोन हातांवर होता. मी आत हाक मारली, "पाणी आण वो." ही कणकेचे हात घेऊन दारात आली, तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांना म्हणाली, "लोकाले सांगून राहिले नम्र व्हा म्हणून, अना घरी तांब्यासाठी नाई वाकत." पाहुणे खो खो हसले. कीर्तनकार तर मांडीवर थाप मारून हसले. मीही हसलो.

मग मी उठून आत गेलो. तिच्यामागे गेलो आणि तिच्या तोंडात मारली. एकच. आवाज फारसा झाला नाही, ओसरीवर कुणाला ऐकू गेला नसावा. परात खाली पडली नाही, काही सांडलं नाही. चुलीपलीकडे, चार-पाच हात लांब, माझी आई भाजी चिरत बसली होती. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. माझा हात उठला आणि माझ्या आईनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं. मार तिला नव्हता. तिच्या अंगावर कुणी गेलं नव्हतं. पण तिच्या हातांना ते माहीत नव्हतं, त्यांना इतकंच माहीत होतं की घरातल्या पुरुषाचा हात वर गेला की तोंड झाकायचं. मी ते पाहिलं आणि तरीही बाहेर येऊन पाहुण्यांना आणखी चहा घ्या म्हणालो. माणूस किती सराईत असतो हे आठवलं की आजही अंगाचा तिटकारा येतो.

दुपारी दोन वाजता मी ताजी अंघोळ करून देवळापुढच्या मांडवात गेलो. ही वीणा घेऊन उभी होती. गालावर काही दिसत नव्हतं, मी ते बघून घेतलं होतं. समोर पंधरा-वीस बाया, चार म्हातारे. मी नेहमीसारखा वाकलो आणि तिच्या पावलांच्या अलीकडे जमिनीला हात लावून उठलो. वीणेचा पट्टा घ्यायला हात पुढे केले, तेव्हा ही एक पाऊल मागे सरली. तार वाजतच होती.

"नाई देत," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा हात पुढे केले.

"या हातात नाई देत. सकारी या हातानं काय केलं ते सांगा सगळ्यायले, मंग देतो."

आमच्या मंडळाचा पुढारी एक म्हातारा ढिवर होता. सारं आयुष्य बोडीवर जाळं टाकण्यात गेलेलं, आणि उतारवयात माळ घातल्यावर एका दिवसात जाळं सोडलेला. पोट भरण्याचं साधन सोडणं आणि माझ्यासारख्यानं ताटातली मासोळी सोडणं यात किती फरक आहे, हे गावाला कळत होतं. म्हणून त्याच्या शब्दाला माझ्या प्रवचनापेक्षा जास्त वजन होतं. जाळं त्यानं विकलं नव्हतं, घराच्या आढ्याला टांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सोडलं हाय गा, इसरलो नाई." तो काठी टेकत पुढे आला. हिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा तिला दटावेल आणि हे सगळं निस्तरेल. तो म्हणाला, "माय, थकली असशील त दुसऱ्या कोनाले दे."

"दोनचा पहारा यांचा हाय," ही म्हणाली. "यायनंच लिवला हाय भिंतीवर. यायनंच घ्याव."

म्हातारा माझ्याकडे वळला. "मास्तर, वीणा तिच्या गऱ्यात हाय. जोवर हाय तोवर तिचं चालल. सांगाचं असल त सांग."

मी सांगितलं नाही. "हे काय नाटक लावलं आहे" असं काहीतरी पुटपुटून मी मांडवाबाहेर पडलो आणि बोडीच्या पाळीवर जाऊन बसलो. तिथून देवळापुढचा मांडव दिसतो आणि वारा असेल तर वीणेची तारही ऐकू येते. त्या दिवशी वारा होता. मी मनातल्या मनात वाद घालत राहिलो. एकच तर मारली. कुणाच्या घरी होत नाही? चार लोकांत नवऱ्याचं हसं केलं ते दिसत नाही का? देवाच्या वीणेला घरच्या भांडणात ओढायचं म्हणजे काय? असे मुद्दे मला भराभर सुचत होते आणि प्रत्येक मुद्दा मी वडिलांच्या आवाजात बोलत होतो. समोर कापलेल्या बांधीत सारसांची एक जोडी दाणे वेचत होती. नर कोणता आणि मादी कोणती हे मला आजतागायत ओळखता आलेलं नाही. दोघंही तेवढीच उंच, दोघंही तेवढीच दबकत चालणारी. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि तार ऐकत होतो. चार वाजून गेले असावेत. एका बाईनं चार तास वीणा धरून उभं राहणं म्हणजे काय हे ज्यानं एकदा पहारा केला आहे त्यालाच कळेल. तासाभरातच खांदा उतरतो, पोटऱ्या दगड होतात. ही तर पहाटे चारपासून उभीच होती.

तेवढ्यात माझी आई देवळाकडे जाताना दिसली. वडील गेल्यापासून ती गर्दीत जात नसे, सप्ताहातही लांब, चपला काढतात तिथं बसायची. मी उठून मांडवाच्या तोंडाशी आलो, पण आत गेलो नाही. आई बायांमधून वाट काढत हिच्यापुढे जाऊन उभी राहिली. सासू सुनेपुढे. आणि ती वाकली. अलीकडे नाही, जमिनीला नाही. दोन्ही हात सुनेच्या पावलांवर ठेवून तिनं कपाळ टेकवलं आणि तशीच राहिली. वीणेकऱ्याच्या पाया पडायचं, यात रिवाजाबाहेरचं काही नव्हतं. पण ती लवकर उठलीच नाही. उठली तेव्हा हिच्याजवळच, पायांशी बसली. बोलली एवढंच, "मले नाई जमलं वो बाई. मी नाई उभी राहिली."

मी आत गेलो. चपला काढल्या की नाही हे आठवत नाही. इतकी प्रवचनं केलेली जीभ, पण ते एक वाक्य तोंडातून निघेना. घसा कोरडा पडला. शेवटी निघालं ते माझ्या मास्तरी भाषेत निघालं नाही, आईच्या भाषेत निघालं. "सकारी मी हिले मारलं. हिचा काई दोष नव्हता. माह्या बापानं मायले मारलं तसंच मी मारलं." एक म्हातारा खोकला. मी वाकलो, आणि या वेळी हात जमिनीला लावायला जागा राहू नये म्हणून गुडघ्यांवर बसलो. तेव्हा पहिल्यांदा मी माझ्या बायकोची पावलं पाहिली. तीन वर्षं संसार केला होता. टाचांना भेगा, भेगांत धानाच्या रोवणीपासूनचा चिखल काळा होऊन बसलेला, आणि उभं राहून राहून बोटं सुजलेली. मी त्यांच्यावर डोकं ठेवलं. वर तार वाजत होती. मग माझ्या मानेवर पट्टा पडला.

तिनं दुसरं काही केलं नाही. क्षमा केली म्हणाली नाही, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. बाजूला झाली आणि आईला हात देऊन उठवलं. दोघी तणसावर पाय पसरून बसल्या आणि आई हिच्या पोटऱ्या चेपू लागली. मी वीणा वाजवत उभा राहिलो, आणि काय सांगू, मला हायसं वाटलं. लाज होती, भरपूर होती, पण तिच्याखाली काहीतरी सुटलं होतं. ढोलीमागे बसलेल्या त्या पोराला कुणीतरी बाहेर बोलावलं होतं. वडिलांसारखं आपण होऊ की काय ही भीती मी लहानपणापासून छातीत घेऊन फिरत होतो. आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. झालो होतो, पकडलाही गेलो होतो, आणि थांबवलाही गेलो होतो. थांबवणारी समोर पाय पसरून बसली होती.

पुढल्या वर्षी पहिल्या दिवशी मी वीणा घ्यायला गेलो तेव्हा ती म्हाताऱ्याच्याच गळ्यात होती. तो मला म्हणाला, "हात दाखव मास्तर." मी तळवे पुढे केले. "कसे हायेत?" मी म्हणालो, "साफ हायेत." त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि वीणा दिली. माझ्यामागून वीणा घ्यायला आलेल्यालाही त्यानं शेजारी उभं राहून तेच विचारलं, नाहीतर मला एकट्याला टोचल्यासारखं झालं असतं. त्याच्या मागच्यालाही विचारलं. तशी ती चाल पडून गेली. म्हातारा गेला त्याला बराच काळ लोटला. प्रश्न राहिला, त्यातले शब्द झिजत झिजत नुसता "हात?" उरला. या प्रश्नानं आमच्या गावात मारहाण संपली असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून वीणा घेणारे असतील. एक जण लागोपाठ तीन सप्ताह पाठदुखीचं कारण सांगून पहाऱ्याला आला नाही, आणि ती पाठ कुणाची दुखत होती हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. चौथ्या वर्षी आला. सगळ्यांदेखत बोलला. माझ्यासारखाच त्याचाही घसा कोरडा पडला होता. मी त्याला पाणी नेऊन दिलं. तांब्या स्वतः उचलून.

माझा हात त्यानंतर उठला नाही. ते सोपं होतं असं समजू नका. राग आला की दंडापासून बोटांपर्यंत काहीतरी सरसरत येतं ते मला आजही कळतं. तसं झालं की मी हात मागे बांधून अंगणात जाऊन उभा राहतो. शेजारी म्हणतात, मास्तर विचार करून राहिले. मी त्या आढ्याला टांगलेल्या जाळ्याची आठवण काढत असतो.

आता यंदाच्या मांडवात परत येतो. मुलगा हात न दाखवता उभा होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. बायांच्या घोळक्यात बसलेल्या हिच्याकडे मी पाहिलं. ती पोराकडे टक लावून बघत होती. त्यानं मान वर केली, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं, पण बायकोकडेच बघत म्हणाला, "सकारी मी हिच्यावर वरडलो. चाबी सापडत नव्हती म्हणून गिलास आपटला. हात नाई लावला, पण ही दचकली. ते मले आवडलं नाई."

सून तार छेडत होती ती क्षणभर गडबडली. तिचे डोळे भरून आले आणि त्याच दमात ती म्हणाली, "अरे, तो मैं भी तो चिल्लाई थी! चाबी तुमच्याच खिशात होती. घ्या आता, माझा खांदा दुखून राहिला."

मांडव हसला. तो गुडघ्यांवर बसला, तिच्या पावलांवर डोकं ठेवलं आणि उठून वीणा घेतली. माझा जीव भांड्यात पडला. जे सांगायला मला बोडीवर दोन तास बसून वडिलांच्या आवाजात भांडावं लागलं, ते यानं एका श्वासात सांगून टाकलं, आणि तेही हात न उठवता, नुसत्या आपटलेल्या गिलासासाठी. मी खांबाला डोकं टेकून डोळे मिटले. शेजारच्याला वाटलं मास्तरला डुलकी लागली. त्यानं माझ्या अंगावर शाल टाकली, आणि त्या शालीआड मी पोटभर रडून घेतलं. आईची फार आठवण झाली. ती असती तर तिला हे दाखवायला हवं होतं.

काल्याच्या दिवशी सप्ताह उठला. प्रसाद घेऊन आम्ही दोघं घरी निघालो. पोरं पुढे गेली होती. ही हल्ली हळू चालते, मीही. उन्हं उतरत होती. रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून तणस सांडत गेलं होतं आणि त्यावरून चालताना पायांखाली मऊ लागत होतं. यंदाही दोघांचे पहारे झाले होते, तिचा आधी, माझा मागून. गेली तीसेक वर्षं यादी तशीच लिहिली जाते. तिनं "हात?" विचारलं होतं, मी दाखवले होते, गुडघे करकरले तरी खाली बसलो होतो. का कोण जाणे, पोराच्या त्या प्रसंगानं माझं धैर्य वाढलं होतं. इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं मी विचारलं. म्हटलं, "त्या सालचं तू मले माफ केलं का वो?"

ही थांबली. कमरेवर हात ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. शाळेत एखाद्या पोरानं पाचव्यांदा तोच पाढा विचारावा तेव्हा मी बघायचो तसं.

"दर साली वीणा देऊन राहिली ना तुमाले?" ती म्हणाली. "ज्या साली नाई देली, त्या साली इचारजा."

आणि ती चालू लागली. मी मात्र तिथंच उभा राहिलो. मला इतकी वर्षं वाटत होतं की क्षमा एकदा मिळाली की झालं, मग ती आपली होते, तिच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही. ती न मिळाल्याचं दुःख मी मनाच्या एका कोपऱ्यात जपून ठेवलं होतं. आणि ही तर दर मार्गशीर्षात, भर दुपारी, सगळ्यांदेखत, हात बघून ती देत आली होती. मलाच कळलं नव्हतं की आपल्याला काय मिळतं आहे. वाऱ्यावर पुन्हा तणसाचा वास आला. मी दोन्ही तळवे उघडून पाहिले. सुरकुत्या, खडू धरून धरून गुळगुळीत झालेलं बोट, अंगठ्यापाशी थोडा बुक्का. यंदाचं साल मिळालं होतं.

"काऊन थांबले जी?" ती वळून ओरडली. "चाला ना, दिवा लावाचा हाय."

मी तिच्या मागोमाग निघालो.